दोन नकार

सॉफ्टवेअर देखणं आहे की नाही हे आपण पडद्यावरून ठरवतो. त्या कसोटीवर मूडल काठावर पास होईल. मार्टिन डुजियामस यांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये घडवलेलं हे खुलं शिक्षण-सॉफ्टवेअर २००२ साली १.० आवृत्तीला पोचलं. आज ते जगभरच्या विद्यापीठांत चालतं, आपल्याकडे आयआयटी मुंबईतही. त्याचं 'रोल' ठरवण्याचं पान म्हणजे शेकडो ओळींची कंटाळवाणी जंत्री. मला मोह आहे तो त्या जंत्रीमागच्या विचाराचा.

२००६ च्या १.७ आवृत्तीपर्यंत इथे शिक्षक म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी म्हणजे विद्यार्थी, असा सरळ मामला होता. त्या आवृत्तीने या पदांचे तुकडे केले. उत्तर लिहिणं, गुण पाहणं, दुसऱ्याचा मजकूर खोडणं अशी एकेक कृती सुटी झाली, आणि रोल म्हणजे अशा कृतींची मोट. शिवाय हा रोल कुठे द्यायचा तेही ठरवता येतं: साइटभर, कोर्सांच्या एका कॅटेगरीत, एका कोर्सात, किंवा कोर्सातल्या एकाच चर्चेपुरता. एकाच रोलबद्दल वर एक आणि खाली वेगळं सांगितलेलं असेल, तर जागेवरचं, म्हणजे खालचं, चालतं.

खरी बहार पुढे आहे. प्रत्येक कृतीपुढे चार पर्याय असतात आणि कोडमध्ये त्यांना चार आकडे दिले आहेत. काही न ठरवता वरचं चालू द्यायचं असेल तर ०, 'अलाउ'ला १, 'प्रिव्हेंट'ला उणे १, आणि 'प्रोहिबिट'ला उणे १०००. म्हणजे होकार एक आणि नकार दोन. समजा, मुदत संपलेल्या चर्चेत शिक्षकाने विद्यार्थी या रोलला लिहिण्यापुरतं प्रिव्हेंट लावलं. सगळे नुसते वाचक झाले. पण त्यातल्याच एका मुलीला त्या चर्चेची सूत्रधार म्हणून दुसरा रोल दिला असेल आणि त्यात लिहिण्याची परवानगी असेल, तर ती लिहू शकते. पहिला नकार हा असा समजूतदार आहे. दुसऱ्या वाटेने हक्क मिळाला असेल तर तो आड येत नाही. प्रोहिबिट मात्र सक्त मनाई. एकदा वर लागलं की खालच्या कुठल्याही पातळीवर उठत नाही, आणि हातात आणखी चार रोल असले तरी उपयोग शून्य.

उणे १००० कशाला, उणे २ पुरलं नसतं का? आजच्या कोडमध्ये हा आकडा कुठल्या बेरजेत धरला जात नाही, फक्त ओळखला जातो. तरीही तो तसाच मोठा राहिला याचा मला आनंद आहे. कोड वाचणारा तिथे ठेचकाळतो, आणि ठेचकाळायलाच हवा.

ग्रुपची व्यवस्था याहून शांत. साइटभराचा किंवा कॅटेगरीचा गट तो कोहोर्ट, कोर्सातला तो ग्रुप. ग्रुप स्वतः कसलाही हक्क देत नाही. काय करता येईल हे रोल ठरवतो, कोणाबरोबर आणि कोणाचं ते ग्रुप. 'सेपरेट' ग्रुपमध्ये शेजारची तुकडी दिसतच नाही. 'व्हिजिबल'मध्ये तिचं बोलणं वाचता येतं, त्यात तोंड घालता येत नाही. रोल आणि ग्रुप हे दोन्ही धागे एका परवानगीत गाठले जातात: सगळे ग्रुप पाहण्याची मुभा. कोर्स बदलू शकणाऱ्या शिक्षकाला ती मुळातच असते, नुसत्या तपासनीस शिक्षकाला नसते. त्यामुळे सेपरेट ग्रुप लावले की ट्यूटोरियलच्या बॅचेस आपोआप आपापल्या शिक्षकाकडे जातात. कोणी वेगळा नियम लिहिलेला नसतो.

उणीव पडद्यावर आहे. रोलच्या साध्या पानावर फक्त अलाउची चौकट दिसते, हे शहाणपणाचं. पण विस्तृत पान उघडलं की चारही पर्याय एका ओळीत, सारख्याच गोल बटणांत. उणे १ आणि उणे १००० तिथे एकाच वजनाचे वाटतात. कोडमधला ठसका पानावर येता येता विरून गेला.

आणि साइट अॅडमिन? तो रोल नाहीच. त्याची यादी वेगळी ठेवलेली असते. परवानगी तपासताना यादीत नाव दिसलं की उत्तर 'हो', प्रोहिबिटसुद्धा विचारात येत नाही. त्यामुळे विद्यार्थ्याला काय अडतं हे अॅडमिनला अॅडमिन म्हणून वावरताना कळत नाही. त्यासाठी त्याला कोर्सात 'स्विच रोल' दाबून विद्यार्थी होता येतं. आणि तेवढ्या वेळापुरता तो उणे १००० त्यालाही लागू होतो.