शोषावी की ओढावी?

मेंदूच्या धमनीत अडकलेली गुठळी कॅथेटरने शोषून घ्यावी, की स्टेंटच्या जाळीत पकडून ओढावी? २०१७च्या फ्रेंच ‘अ‍ॅस्टर’ चाचणीत ३८१ रुग्ण होते. रक्तप्रवाह पुन्हा सुरू झाला तो अनुक्रमे ८५.४ आणि ८३.१ टक्क्यांत. ‘बरोबरी’ म्हणून हेच आकडे सांगतात. पण ते अखेरचे. पहिलं साधन अडलं तर दुसरं वापरायची मुभा होती. निव्वळ पहिल्याचं यश ६३ आणि ६७.७ टक्के. हा फरक योगायोगाचाही असेल. तरी तुलना साधनांची कमी, क्रमाची जास्त झाली. माझा मोठा आक्षेप वेगळाच. रुग्ण घेतले ते लक्षणांपासून सहा तासांच्या आतले. आमच्या जांब समर्थहून घनसावंगी, मग जालना, मग छत्रपती संभाजीनगर अशी पाठवापाठवी झाली, तर तेवढा वेळ वाटेतच सरू शकतो. तो रुग्ण या टक्क्यांत धरलेलाच नाही.