विला-लोबोस : आठ चेलोंच्या पलीकडे

ब्राझीलचे संगीतकार एइतोर विला-लोबोस (१८८७–१९५९) यांची जागतिक कीर्ती एका गीतावर उभी आहे. ‘बाकियानास ब्राझिलेइरास’ या मालिकेतील पाचव्या रचनेचा हा पहिला भाग. आठ चेलोंपैकी काही गिटारसारखे बोटांनी छेडले जातात आणि त्यांच्यावरून एक स्त्रीस्वर शब्दांवाचून तरंगत जातो. १९४५ साली बिदू सायाओ यांनी हे गीत ध्वनिमुद्रित केले, तर १९५६ मध्ये पॅरिसला खुद्द विला-लोबोस यांच्या दिग्दर्शनाखाली व्हिक्तोरिया द लोस आंखेलेस यांनी ते गाइले. गीत अवीट आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. शितावरून भाताची परीक्षा करण्याचा जगाचा रिवाज आहे. येथे मात्र शीत एका हंडीतले आणि भात दुसऱ्याच हंडीतला, अशी स्थिती झाली आहे. या संगीतकाराच्या पियानो, तंतुवाद्ये आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या संगीताच्या जवळजवळ समग्र ध्वनिमुद्रिका गेल्या तीन-चार दशकांत उपलब्ध झाल्या. त्या ऐकल्यावर आमचे मत असे झाले की, एकाच स्वराचे माधुर्य ही विला-लोबोस यांची खरी खूण नव्हे. एकमेकांसाठी न थांबणारे अनेक आवाज एका वेळी नांदवणे, ही ती खूण होय.

याचे मूळ रिओ द जानेरोच्या रस्त्यांवर आहे. राष्ट्रीय ग्रंथालयात नोकरीस असलेल्या वडिलांनी मुलाला चेलो शिकवला. पुढे मुलाने बासरी, गिटार व कावाकिन्यू वाजवीत फिरणाऱ्या ‘शोरो’ वादकांची संगत धरली. या मंडळींत प्रत्येक वाद्याची वाट स्वतंत्र. तरीही ती सारी एकाच नाक्यावर येऊन भेटतात. बाखच्या संगीतातही स्वरांच्या अनेक वाटा एकाच वेळी चालतात. या दोहोंतील नाते ओळखूनच १९३० ते १९४५ या काळात नऊ ‘बाकियानास’ जन्मास आल्या. म्हणून विला-लोबोस यांच्या कोणत्याही ध्वनिमुद्रिकेला आम्ही एकच प्रश्न विचारतो : हे निरनिराळे आवाज येथे निरनिराळे राहिले आहेत काय?

पियानोपासून आरंभ करणे श्रेयस्कर. ‘प्रोले दो बेबे’ म्हणजे बाळाचा परिवार. १९१८ च्या पहिल्या संग्रहात आठ बाहुल्या आहेत. कुणी चिनी मातीची, कुणी कागदाच्या लगद्याची, कुणी साध्या मातीची, कुणी रबराची, कुणी लाकडाची. त्यांच्या वर्णांवरून ब्राझीलचा मिश्र समाजच पाळण्याभोवती जमल्याचे ध्यानात येते. सहावी आहे चिंध्यांची गरीब बाहुली. तिच्या वाट्याला फारच थोडे स्वर आले आहेत. आमच्या मते संग्रहातील सर्वांत हृद्य पान तेच. तिच्या मागून येणारा विदूषक मात्र एक हात पांढऱ्या व दुसरा काळ्या पट्ट्यांवर असा आपटत सुटतो की श्रोते टाळ्या देऊनच थांबतात. दिग्गज वादकांनी मैफलीच्या शेवटी हा विदूषक पुष्कळदा नाचवला. गरीब बाहुलीला तेवढा मान क्वचित मिळाला.

सोनिया रुबिन्स्की यांनी नॅक्सॉस कंपनीसाठी समग्र पियानो-संगीत आठ सीडींमध्ये ध्वनिमुद्रित केले आहे. त्यांच्या वादनात प्रत्येक बाहुलीला स्वतःचा स्पर्श आहे आणि डाव्या हाताचे बोलणे उजव्याखाली दबत नाही. ‘रुदेपोएमा’ची गोष्ट निराळी. १९२१ ते १९२६ या काळात लिहिलेली आणि आर्थर रुबिन्स्टाईन यांना अर्पण केलेली ही सुमारे वीस मिनिटांची रचना अखेरीस वादकाला पियानोवर मूठ हाणायला लावते. येथे रुबिन्स्की काहीशा सभ्य वाटतात. नेल्सन फ्रेइरे (१९४४–२०२१) यांनी १९७० च्या दशकात केलेले वादन अधिक रानटी, आणि म्हणूनच आम्हांला अधिक खरे वाटते.

दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो यांच्यासाठी विला-लोबोस यांनी १९१५ ते १९५७ या काळात सतरा क्वार्टेट लिहिली. मेक्सिकोच्या कुआर्तेतो लातिनोअमेरिकानो या चमूने ती सर्व ध्वनिमुद्रित केली आहेत. सगळी ऐकण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. त्यांत पुनरुक्ती पुष्कळ आहे. १९३१ चे पाचवे मात्र चुकवू नये. त्यात मुलांची लोकगीते चार वाद्यांमध्ये खोड्या काढत फिरतात.

वाद्यवृंदाच्या प्रांतात सामना पॅरिस व साओ पाउलो यांच्यात आहे. १९५४ ते १९५८ या काळात विला-लोबोस यांनी फ्रेंच राष्ट्रीय नभोवाणी वाद्यवृंदाकडून सर्व ‘बाकियानास’ व काही ‘शोरोस’ वाजवून घेतले. वादनात कच्चेपणा आहे. पण रचनाकाराचा श्वास त्यात ऐकू येतो. साओ पाउलोच्या वाद्यवृंदाने जॉन नेश्लिंग यांच्या दिग्दर्शनाखाली ‘शोरोस’चे आणि इझाक काराब्चेव्स्की यांच्या दिग्दर्शनाखाली सिम्फनींचे ध्वनिमुद्रण केले, ते कॉफीच्या व्यापाराने भरभराटलेल्या एका जुन्या रेल्वे स्थानकात १९९९ साली उघडलेल्या सभागृहात. १९२६ च्या दहाव्या ‘शोरोस’मध्ये पक्ष्यांचे बोल, तालवाद्यांची रेटारेटी आणि गायकसमूहावरून झेपावणारे रस्त्यावरचे प्रेमगीत एकमेकांवर चढतात. नेश्लिंग यांच्या हाती त्यांतला एकही पदर हरवत नाही.

बारांपैकी पाचवी सिम्फनी गहाळ आहे. उरलेल्या अकरांसाठी साओ पाउलोच्या मंडळींनी चुकांनी भरलेली स्वरलेखने आधी शुद्ध करून घेतली. परिश्रम वंदनीय, तथापि सिम्फनी हा विला-लोबोस यांचा प्रांत नव्हे, हेच या शुद्धीने उघड झाले. सहाव्या सिम्फनीसाठी (१९४४) त्यांनी डोंगरांची बाह्यरेषा आलेखाच्या कागदावर उतरवून तिचे स्वर केले. कल्पना मोठी मौजेची, पण डोंगर चढताना दम लागतो तो श्रोत्याला. अपवाद दहावीचा. साओ पाउलो शहराच्या चारशेव्या वर्धापनासाठी लिहिलेल्या या रचनेत शहराच्या संस्थापकांपैकी एक असलेले येशूसंघीय धर्मगुरू जुझे द आंशिएता यांचे काव्य आहे, आणि गायन लॅटिन, पोर्तुगीज व तुपी अशा तीन भाषांत चालते. २०१४ साली आंशिएता यांना संतपद मिळाले, त्याच वर्षी काराब्चेव्स्की यांची ही ध्वनिमुद्रिका बाहेर आली.

आमच्या प्रश्नाची सर्वांत कठीण कसोटी लागते ती ‘देस्कोब्रिमेन्तो दो ब्राझील’ म्हणजे ‘ब्राझीलचा शोध’ या १९३७ च्या रचनेत. तिच्या चौथ्या व अखेरच्या भागात ब्राझीलच्या भूमीवरची पहिली मिस्सा आहे. १५०० सालच्या एप्रिलमध्ये काब्राल यांचा काफिला हिंदुस्थानच्या वाटेवर असताना त्या किनाऱ्याला लागला, २६ तारखेला फ्रान्सिस्कन धर्मगुरू एन्रिके यांनी तेथे मिस्सा अर्पण केली, आणि सप्टेंबरात हाच काफिला कालिकतला पोहोचला. मिस्सेचा वृत्तान्त राजाला लिहून कळवणारा पेरो व्हाझ द कामिन्या कालिकतच्या वखारीवरील हल्ल्यात मारला गेला, असे मानले जाते. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाशी या संगीताचा धागा असा जुळतो.

विला-लोबोस यांनी येथे दोन गायकसमूह योजले. एकाकडे लॅटिन उपासनागीत, दुसऱ्याकडे आदिवासींचे गायन. दोन्ही एकाच वेळी. आपल्या अरण्यप्रवासाच्या रसभरीत कहाण्या हे गृहस्थ पॅरिसमध्ये सांगत असत. त्या किती खऱ्या मानाव्यात, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यांच्या संगीतातील काही आदिवासी गीते मात्र अरण्यातून थेट आलेली नाहीत. एदगार रोकेत-पिंतो यांनी १९१२ साली मेणाच्या नळ्यांवर केलेल्या ध्वनिमुद्रणांतून ती आली. म्हणजे हे आवाजही त्यांना यंत्रातूनच भेटले होते. दुसरेही एक ध्यानात ठेवले पाहिजे. याच वर्षांत विला-लोबोस व्हार्गास राजवटीच्या संगीतशिक्षणाचे धुरीण होते, आणि १९४० मध्ये त्यांनी रिओच्या मैदानावर सुमारे ४०,००० मुलांकडून समूहगान करवून घेतले. हजारो कंठांचा एक स्वर करणाऱ्या याच हाताने दोन समूह एकमेकांत न विरघळणारी ही मिस्सा लिहिली. आदिवासी नमले असे ती म्हणत नाही, आणि लॅटिन प्रार्थना पोकळ होती असेही म्हणत नाही.

पॅरिसच्या जुन्या ध्वनिमुद्रणात हे दोन समूह कान देऊन वेगळे काढावे लागतात. विला-लोबोस वेगाने पुढे जातात, जणू किनाऱ्यावर फार वेळ थांबण्याची सोय नाही. रोबेर्तो दुआर्ते यांनी १९९३ साली ब्रातिस्लाव्हात केलेले ध्वनिमुद्रण आम्हांला अधिक समाधान देते. त्यांची गती संथ आहे, कधी कधी गरजेपेक्षा संथ. परंतु लॅटिन गीत स्थिर चालले असताना दुसऱ्या समूहाचे बोल त्याला भिडतात, मागे सरतात, पुन्हा भिडतात, हे तेथे स्पष्ट ऐकू येते. गाणारे स्लोव्हाक, गीते ब्राझीलची, प्रार्थना रोमची. आणि तरीही आमच्या कानांना तेथे कुणीच कुणाला गप्प करीत नाही.