जुन्या वाड्यांचा विनियोग व लोकांच्या सूचना

एखाद्या जुन्या वाड्याचे पुढे काय करावे, ह्याविषयी लोकांच्या सूचना मागविण्याची चाल अलीकडे आपल्या प्रांतात रूढ होत चालली आहे. चाल चांगली आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. ज्या वस्तूचा सांभाळ लोकांच्या पैशाने अथवा लोकांच्या आस्थेने व्हावयाचा, तिच्याविषयी लोकांस विचारणे योग्यच होय. तथापि ह्या चालीत एक मोठा दोष शिरला आहे, आणि तो दोष इतिहाससंशोधनाच्या मुळावरच येणारा असल्यामुळे त्याचे परीक्षण ह्या त्रैमासिकात होणे अवश्य आहे, असे आम्हांस वाटते.

निमित्त असे घडले. मुरबाड तालुक्यातील एका जुन्या घराच्या विनियोगाविषयी निघालेले एक सूचनापत्रक आम्ही राहतो त्या म्हसे गावी आमच्या हाती आले. मालकांची इच्छा नसल्यामुळे घराचे व गावाचे नाव येथे देत नाही. पत्रकात तीन प्रश्न होते : ह्या वास्तूचा उपयोग कशासाठी व्हावा, खर्च कोठून उभारावा, आणि आपण स्वतः काय साहाय्य कराल. पुढे सभा भरली. कोणी म्हणाले, मुलांसाठी अभ्यासिका करावी. कोणी मंगल कार्यालय सुचविले. कोणी म्हणाले, चित्रपटवाल्यांस भाड्याने द्यावे. एकाने संग्रहालयाचे नाव काढले, तेव्हा सर्वांनी माना डोलाविल्या. आणि पाडून तेथे दुमजली इमारत बांधावी, असे म्हणणारेही दोघेचौघे निघालेच. ह्यांपैकी एकही सूचना आम्ही हास्यास्पद मानीत नाही. अभ्यासिकेची गरज खरी आहे. लग्नाला जागा मिळत नाही, हेही खरे आहे. परंतु त्या घरात आहे तरी काय, हे ना पत्रकात होते, ना सभेतील कोणास पुरते ठाऊक होते. खण किती, लाकूड कशाचे व कितपत निकोप, कोणता भाग मूळचा व कोणता मागाहून जोडलेला, माळ्यावर काय पडले आहे, घराण्याचे कागद कोणाच्या हाती गेले, ह्यांविषयी एक अक्षर नाही. जे पाहिलेच नाही त्याविषयी लोकांनी मत द्यावयाचे, असा हा प्रकार झाला.

आमच्या म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेस भरते व तीत जनावरांचा मोठा बाजार असतो, हे पुष्कळांस ठाऊक असेल. तेथे येणारा अडाण्यातला अडाणी शेतकरीदेखील बैलाचे तोंड उघडून दात पाहिल्याखेरीज, खांदा चाचपल्याखेरीज व चार पावले चालवून पाहिल्याखेरीज बोली बोलत नाही. बैलाच्या बाबतीत जे शहाणपण आम्ही दाखवितो, ते दोनशे वर्षांच्या घराच्या बाबतीत दाखवू नये, हे नवल नव्हे काय?

कायद्याचीही रीत हीच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ह्यान्वये नगराच्या विकासयोजनेवर हरकती व सूचना मागवितात, त्या योजनेचा मसुदा प्रसिद्ध केल्यानंतर मागवितात. आधी लोकांपुढे कागद ठेवावयाचा, मग त्यांचे मत विचारावयाचे. वाड्यांच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा झाला आहे.

कोणी म्हणेल की, उपयोग ठरला की पुढचे सर्व आपोआप होईल. ह्याचे उत्तर पुण्यातील दोन घरे देतात. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली; तिच्यातूनच पुढे पूना कॉलेज व डेक्कन कॉलेज निपजले. १८७९ साली त्या वाड्यास आगीची मोठी झळ लागली. पुढे तेथे नगरपालिकेची कचेरी बसली, टपाल कार्यालय आले, प्रदर्शन मांडले गेले. ह्यांतील कोणताही उपयोग बाजीरावाच्या मनात नव्हता. परंतु वाड्यात माणसांची ये-जा राहिली व वाडा उभा राहिला. 'वास्तु' हा शब्दच मुळी वस् म्हणजे राहणे ह्या धातूपासून आला आहे. ज्यात कोणी वसत नाही, ती वास्तू शब्दार्थानेही वास्तू राहत नाही.

दुसरे घर बुधवार पेठेतील भिडेवाडा. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ साली मुलींची शाळा जेथे सुरू केली, ते हे घर. तेथे स्मारक व्हावे ह्याविषयी लोकमतात फारसा भेद नव्हता. म्हणजे सूचना मागविणाऱ्यास जे हवे असते ते ऐकमत्य तेथे सिद्धच होते. परंतु ताब्याचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला आणि तेवढ्या अवधीत घर मोडकळीस आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वाद संपला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नव्या स्मारकासाठी ते जुने घर उतरविण्यात आले. स्मारक अवश्य व्हावे. त्या थोर दांपत्याचे ऋण मोठे आहे. आमचा मुद्दा इतकाच की, उपयोगाविषयी सर्वांचे एकमत असूनही घर वाचतेच असे नाही. पहिल्या घराविषयी कोणी कोणास विचारले नाही, तरी ते राहिले. दुसऱ्याविषयी सर्व एका मताचे होते, तरी ते गेले.

तर मग लोकांस विचारण्याचा उपयोग काय? तो आहे, आणि कसा, हे लंडनमधील एका घराच्या हकीकतीवरून दिसते. डॉ. आंबेडकर १९२१-२२ साली विद्यार्थिदशेत किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ साली विकत घेऊन त्याचे स्मारक केले. राहत्या घराचे संग्रहालय करावयाचे म्हणून तेथील स्थानिक कौन्सिलची परवानगी हवी होती. शेजाऱ्यांनी हरकती घेतल्या, आणि राहण्याची एक जागा कमी होते ह्या कारणास्तव कौन्सिलने २०१८ साली परवानगी नाकारली. त्यावर अपील झाले, २०१९ साली जाहीर चौकशी बसली, दोन्ही पक्षांचे म्हणणे नोंदले गेले, आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. निकाल कोणाच्या बाजूने लागला, ह्यापेक्षा तो कसा लागला हे पाहण्यासारखे आहे. हरकत लेखी, तिचे उत्तर लेखी, निर्णयाची कारणे लेखी. उद्या कोणी संशोधक ह्या घराचा इतिहास लिहू म्हणेल, तर त्यास साधनांची वाण पडणार नाही. आमच्या तालुक्यातील सभेत आलेल्या सूचनांचे पुढे काय झाले, असे आम्ही महिन्याने विचारले, तेव्हा त्या चिठ्ठ्या कोणाजवळ आहेत हेच कोणास सांगता येईना.

येथवर घराच्या लाकूडविटांविषयी झाले. आता कागदांकडे वळतो. कारण ह्या त्रैमासिकाच्या वाचकांचा खरा संबंध तेथेच येतो. नाना फडणिसांचा मेणवलीचा वाडा कृष्णेच्या काठी आजही उभा आहे. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे तो नव्या पिढीसही परिचित झाला आहे. परंतु मेणवली हे नाव संशोधकांच्या तोंडी आहे ते तेथील दप्तरामुळे. ते दप्तर रावबहादुर पारसनीसांच्या संग्रहातून साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयात व तेथून १९३९ साली पुण्यास डेक्कन कॉलेजात आले. वाडा एकीकडे व त्याची स्मृती दुसरीकडे, अशी ही ताटातूट आहे. ती झाली नसती तर बरे, असे आम्ही म्हणणार नाही. माळ्यावरच राहिलेल्या कागदांची वाळवीने काय गत केली असती, हे आपणांस ठाऊक आहे. कागद हलले म्हणून वाचले, आणि कोठून हलले हे नोंदलेले राहिले म्हणून त्यांस 'मेणवली दप्तर' हे नाव व त्या नावाबरोबरचे अर्धे मोल राहिले.

ह्याहून जुने उदाहरण आमच्या तालुक्यातून जुन्नराकडे चढणाऱ्या नाणेघाटात आहे. तेथील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्या प्रतिमा नाहीत. पायांचे काही अवशेष तेवढे उरले आहेत. परंतु वर कोरलेली नावे राहिली, आणि त्यांवरून येथे सिमुक होता, येथे नागनिका व सातकर्णी होती, हे आपण सांगू शकतो. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्यांनी ते लेख वाचले नसते, तर ती रिकामी भिंत म्हणजे वाटसरूंच्या विसाव्याची एक कपार एवढेच उरले असते. अक्षर राहिले तर नष्ट झालेली मूर्तीही जाणता येते; अक्षर गेले तर उभा वाडाही मुका होतो.

हे आम्ही दुसऱ्यास शिकवावयास निघालो नाही. स्वतःच्या अपराधावरून शिकलो आहो. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, शाळेत नुकतेच लागलो असताना, ह्याच भागातील एका घरी माळ्यावरची पेटी आम्हांस दाखविण्यात आली. तीत दोन संस्कृत पोथ्या व मोडी कागदांचे आठ-दहा रुमाल होते. आमचे शिक्षण संस्कृताचे. मोडी त्या वेळी येत नव्हती. पोथ्या हौसेने पाहिल्या. एक पंचांग निघाले, दुसरे सर्वत्र आढळणारे स्तोत्र. मोडीच्या रुमालांस 'हिशेबाचे कागद' असे म्हणून आम्ही पेटी मिटविली. पुढे भावाभावांत वाटणी झाली, घर उतरले, आणि ते रुमाल एका पावसाळ्यात पाणी तापविण्याच्या बंबात गेले. पन्नाशी उलटल्यावर आम्ही मोडी शिकलो. तेव्हा हिशेबाच्या कागदात काय असते ते कळले. सारा, गहाण, कर्जरोखे, वेठ. आणि त्यांत कुणब्यांची, ठाकरांची, कातकऱ्यांची नावे, ज्यांनी स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही. घर मालकाचे होते, परंतु कागद साऱ्या गावाचे होते. मास्तरांनी पाहून ठेवून दिले, म्हणजे त्यांत काही नसावे, असे त्या घरच्या मंडळींनी मानिले असेल, तर दोष त्यांचा नव्हे.

परवाच्या सभेतही ह्याचाच प्रत्यय आला. सूचना देणारे सर्व प्रतिष्ठित गृहस्थ होते. सभा संपल्यावर एक वृद्ध बाई, जिने तरुणपणी त्या घरी भात कांडण्याचे काम केले होते, पडवीतल्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून आम्हांस म्हणाली, "हितं भात मोजायचं. घेतानाचं माप येगळं न् देतानाचं येगळं." त्या घराविषयी सबंध सभेत जे बोलले गेले, त्याहून अधिक इतिहास ह्या दोन वाक्यांत होता. तिला कोणी पत्रक दिले नव्हते; दिले असते तरी तिला ते वाचता आले नसते. संग्रहालय करावयाचे तर त्यात मालकाची पगडी व तलवार जशी येईल, तशी ती दोन मापेही आली पाहिजेत. आणि ती मापे होती हे सूचना मागविणाऱ्यांस प्रथम ठाऊक पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. सूचना मागविण्यापूर्वी घराची यादी प्रसिद्ध करावी. तीत चार गोष्टी असाव्यात : वास्तूचे मोजमाप, नकाशा व आजची स्थिती, घरातील लेख, चित्रे व वस्तू, घराण्याचे कागद, ते आज कोठे आहेत ह्यासह, आणि त्या घरात राहिलेल्या व राबलेल्या माणसांचे तोंडी सांगणे. ही यादी गावात वाचून दाखवावी, म्हणजे अक्षरशत्रूही मत देऊ शकेल. नंतर सूचना घ्याव्यात, प्रत्येकीस लेखी उत्तर द्यावे, आणि निर्णयाची कारणे यादीस जोडून ठेवावीत. ह्यास खर्च फार नाही. एक मोजणारा, एक छायाचित्रे घेणारा, एक मोडी वाचणारा व एक कान देऊन ऐकणारा इतकी माणसे पुरेत. मग अभ्यासिका होवो की मंगल कार्यालय होवो, आमची तक्रार राहणार नाही. आणि घर पडणारच असेल, तर निदान त्याच्याबरोबर त्याची स्मृती तरी पडणार नाही.

शेवटी एक शब्द संग्राहक बंधूंस. वाड्यांचे कागद वाचले आहेत ते बहुतांशी आपल्यासारख्यांच्या खटपटीने. वाई येथे मिळालेल्या कागदांवरून राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्याचा पहिला खंड काढिला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. परंतु आपल्या कपाटांतील किती रुमालांवर ते कोणत्या गावच्या कोणत्या घरातून आले ह्याची चिठी आहे? गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून सौदा होतो, तो भाव लोकांस कळू नये म्हणून. कागदांच्या रुमालाचे तसे होऊ नये. ज्यांच्यापाशी एखाद्या उभ्या घराचे कागद असतील, त्यांनी निदान त्यांची यादी त्या घरी व त्या गावी पाठवावी. त्या मुरबाडकडच्या घरातील काही कागद कोणा वाचकाच्या संग्रही असणे असंभवनीय नाही. तसे असल्यास त्यांनी आम्हांस कळवावे. त्या घराविषयी निर्णय अजून व्हावयाचा आहे.