माहिती, भांडवल आणि सत्ता : दृश्यतेच्या दिशेचा प्रश्न

मॅन्युएल कॅस्टेल्स यांचा माहितीयुगावरील त्रिखंडात्मक ग्रंथ १९९६ ते १९९८ या काळात प्रसिद्ध झाला. शोशाना झुबॉफ यांचा पाळतीच्या भांडवलशाहीवरील ग्रंथ २०१९ मध्ये. या दोन दशकांत माहितीविषयीच्या विचाराला मिळालेले वळण लक्षणीय आहे. कॅस्टेल्स यांच्या मांडणीत माहिती हा उत्पादकतेचा प्रधान स्रोत ठरतो आणि सत्ता जाळ्यांच्या रचनेत वसते. जाळ्याशी जोडला गेलेला माणूस व्यवहारात राहतो, वगळला गेलेला निरर्थक ठरतो. झुबॉफ नेमके जोडले जाण्यातच संकट पाहतात. गूगलसारख्या कंपन्या माणसाच्या वर्तनाचा तपशील फुकटचा कच्चा माल म्हणून उचलतात, त्यातून त्याच्या पुढील वर्तनाची भाकिते घडवतात आणि ती विकतात. एकाला वगळलेपणाची चिंता, तर दुसरीला समाविष्टतेची.

ही दोन्ही विवेचने मौलिक असली, तरी त्यांची एक मर्यादा जाणवते. माहिती आणि सत्ता यांचा संबंध ती प्रामुख्याने संगणकीय तंत्रज्ञानाच्या आधारे उलगडतात. भारतीय अनुभव मात्र या संबंधाचे मूळ अधिक मागे, साध्या कागदात दाखवतो. राजस्थानात १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. विकासकामांची मस्टरे आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. कामावर कधीही न आलेल्या माणसांची नावे मजुरीच्या कागदावर असल्याचे लोकांनीच ओळखले. अक्षरशत्रू मजुरालाही जी गोष्ट ठाऊक होती, तिला पुराव्याचे बळ कागद उघड झाल्यावरच लाभले. याच मागणीतून वाढलेल्या चळवळीची परिणती २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात झाली.

यावरून असे म्हणता येईल की, केवळ माहिती असणे म्हणजे सत्ता नव्हे. कोणी कोणाला पाहावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार म्हणजे सत्ता. जनसुनावणीने पाहण्याची दिशा उलटवली. एरवी शासन मजुराची नोंद ठेवत असे. येथे मजुराने शासनाची नोंद तपासली.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. झुबॉफ यांच्या ग्रंथातील चिंतेशी हा निर्णय सुसंगतच आहे. परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलण्याची तरतूद केली. पूर्वी या कलमातच सार्वजनिक हिताचा अपवाद होता. नव्या शब्दयोजनेत वैयक्तिक माहिती सरसकट वगळली आहे. कलम ८(२) मधील व्यापक सार्वजनिक हिताची वाट शिल्लक आहे, हे खरे. तथापि, मस्टरावरील नाव हीदेखील वैयक्तिक माहितीच ठरू शकते, आणि तेच नाव वाचून दाखविण्यावर जनसुनावणी उभी होती.

नागरिकाला कंपनीच्या नजरेपासून वाचविणारे तत्त्व शासनाला नागरिकाच्या नजरेपासून वाचविण्यासाठी वापरले जाऊ शकते, ही शक्यता झुबॉफ यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी नाही. माहितीच्या भांडवलशाहीची भारतीय समीक्षा या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवी. दुर्बळाचे खाजगीपण आणि सत्ताधाऱ्याची गोपनीयता यांना एकाच शब्दाने संबोधणारी कोणतीही उपपत्ती येथे अपुरीच ठरेल.