अवकाशगाथा मराठीत का रुजली नाही?

'स्पेस ऑपेरा' हे नाव मुळात हिणवण्यासाठी दिलेले. १९४१ साली विल्सन टकर या अमेरिकी लेखकाने ते 'सोप ऑपेरा'च्या धर्तीवर चाकोरीबद्ध अवकाशयानकथांना चिकटवले. संगीत नाटकाशी त्याचा संबंध नाही. मी तिला अवकाशगाथा म्हणतो.

तिचा पट आकाशगंगेएवढा. त्यात साम्राज्ये, आरमारे, बंडखोर, आणि मध्यभागी बहुधा एखादा पोरका मुलगा. ई. ई. स्मिथ यांची 'द स्कायलार्क ऑफ स्पेस' १९२८ साली 'अमेझिंग स्टोरीज'मधून क्रमशः आली. तेव्हापासून या कथांनी एक सवलत घेतली आहे : अंतराची किंमत मोजायची नाही. आपण यवतमाळहून एसटीने वणीला जावे, तसा नायक एका सूर्याकडून दुसऱ्याकडे जातो.

मराठी विज्ञानकथेने ही सवलत बहुतांशी नाकारली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, या भौतिकीच्या नियमावर ती उभी आहे. नियम मोडायचा नाही, हा दंडक पुढच्या लेखकांनीही मानला. त्याचा मला वर्षानुवर्षे अभिमान होता. अवकाशगाथा मी पोरकट समजत होतो.

'स्टार वॉर्स' (१९७७) पुन्हा पाहिला तेव्हा मत बदलले. ल्यूक राजधानीपासून दूरच्या कोरड्या ग्रहावर काकाच्या शेतात राबतो. तिथे हवेतून पाणी गोळा करतात. त्याला शिकायला बाहेर जायचे आहे, आणि काका म्हणतो, अजून एक हंगाम थांब. कोरडवाहू कापसाच्या आमच्या जिल्ह्यात हे किती घरांत बोलले गेले असेल! तलवारींच्या लखलखाटाइतकीच ही ओढही या प्रकाराच्या आकर्षणात आहे. साम्राज्य केवढेही असो, गोष्ट त्याच्या कडेवरच्या माणसापासून सुरू होते. भौतिकीचा नियम मोडून ती हे साधते, आणि मला आता तो सौदा मान्य आहे.

अद्भुताचे आपल्याला वावडे होते असेही नाही; नाथमाधवांचे 'वीरधवल' पिढ्यांनी वाचले. अडचण जागेची असावी. स्पर्धा आणि दिवाळी अंक यांनी आपली विज्ञानकथा वाढवली, आणि दोन्हीकडे मोजकी पाने मिळतात. तेवढ्यात एक कल्पना मांडता येते, एखादा चटका देता येतो. साम्राज्य उभे राहून कोसळायला खंड लागतात. (हाही दिवाळी अंकच, आणि माझीही पाने संपत आली.) मासिकांतली क्रमशः कादंबरी विज्ञानकथेला पुरेशी मिळाली असती, तर कडेवरच्या ग्रहाची गोष्ट वऱ्हाडीतही लिहिली गेली असती.