डेमो कॅसेटचा संग्रह आणि वऱ्हाडी बोलीचा पुरावा

ध्वनिफितींचा संग्रह करणे हा गेल्या अर्धशतकातील एक नवा छंद होय. ग्रंथसंग्रह, नाणीसंग्रह किंवा हस्तलिखितांचा संग्रह यांना जी शास्त्रीय शिस्त कालांतराने लाभली, ती या छंदाला अद्याप लाभलेली नाही. त्यातही जिला सामान्यतः ‘डेमो कॅसेट’ म्हणतात, म्हणजे विक्रीसाठी नव्हे तर केवळ नमुना म्हणून, थोड्या साधनांत आणि थोड्या प्रतींत तयार केलेली फीत, तिच्याविषयी दोन टोकांची मते आढळतात. एका मते ती अपक्व व म्हणून त्याज्य. दुसऱ्या मते ती दुर्मिळ व म्हणून अमोल. वस्तुतः ही दोन्ही मते एकाच चुकीतून उद्भवली आहेत. फितीवर काय आहे, या प्रश्नाऐवजी फीत कशी आहे, या प्रश्नाचे उत्तर ती देतात. प्रस्तुत लेखात या भूमिकेची चिकित्सा करून, वऱ्हाडातील, विशेषतः मूर्तिजापूर परिसराशी निगडित अशा एका उदाहरणाच्या आधारे, नमुना-ध्वनिफितीचे भाषिक मूल्य कोणते हे पाहावयाचे आहे.

प्रथम या छंदाचे मूळ जेथे दृढ झाले तेथील एक उदाहरण घेणे सोयीचे होईल. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात ‘पॉप-पंक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतप्रकाराची अनेक तरुण वाद्यवृंदांनी जोपासना केली. कॅलिफोर्नियातील ‘ब्लिंक’ या वृंदाने (पुढे तो ‘ब्लिंक-१८२’ म्हणून प्रसिद्धीस आला) १९९३ साली ‘फ्लायस्वॉटर’ ही नमुना-फीत ढोलवादकाच्या निजण्याच्या खोलीत चार पट्ट्यांच्या ध्वनिमुद्रण-यंत्रावर तयार केली. १९९४ साली ‘बुद्धा’ नावाची दुसरी कॅसेट निघाली. या दुसऱ्या कॅसेटचे १९९८ साली पुनर्मिश्रण झाले आणि गीतांची यादी बदलून ती पुन्हा प्रकाशित करण्यात आली. म्हणजे एकाच नावाच्या कृतीचे दोन पाठ सिद्ध झाले. संग्राहक पहिल्या पाठासाठी मोठी किंमत मोजतो ती प्रती थोड्या आहेत म्हणून. पाठचिकित्सकाला मात्र तो पाठ वेगळ्याच कारणासाठी हवा असतो. नंतरच्या हाताने काय पुसले, काय उजळले, हे पहिल्या पाठावाचून कळण्याचा अन्य मार्ग नाही. दुर्मिळता हा प्रतीचा गुण आहे, पूर्वावस्था हा पाठाचा गुण आहे. या दोहोंची गल्लत झाली की संग्रह वाढतो आणि ज्ञान वाढत नाही.

आता वऱ्हाडाकडे वळू. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील जंक्शन आहे. येथूनच अचलपूर आणि यवतमाळ या दोन दिशांना ‘शकुंतला’ ही अरुंदमापी गाडी दीर्घकाळ धावत असे. याच तालुक्यातील दापुरे या गावी, मामांच्या घरी, डेबूजी झिंगराजी जानोरकर वाढले. तेच पुढे गाडगेबाबा म्हणून महाराष्ट्राला ज्ञात झाले. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे झाला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक त्यांचे देहावसान झाले. मूर्तिजापूरचे गोरक्षण आणि धर्मशाळा त्यांच्या कार्याची साक्ष देतात. परंतु त्यांच्या वाणीची साक्ष देणारे साधन अत्यल्प आहे. बाबा निरक्षर होते. त्यांच्या हातचे लिखित वाङ्मय असे काही नाही. प्रबोधनकार ठाकरे यांचे चरित्र १९५२ साली प्रसिद्ध झाले. गो. नी. दांडेकरांसारख्या प्रत्यक्ष सहवास लाभलेल्या लेखकानेही त्यांच्यावर लिहिले. पण ती सर्व शब्दचित्रे होत. खुद्द वाणी टिकली ती मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर नोव्हेंबर १९५६ मध्ये झालेल्या अखेरच्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणामुळे.

या ध्वनिमुद्रणाला डेमो कॅसेट म्हणणे काहींना विचित्र वाटेल, आणि काटेकोर अर्थाने ती तशी नव्हेच. बाबांना कोणापुढे नमुना ठेवावयाचा नव्हता. तथापि भाषाभ्यासाच्या दृष्टीने दोहोंची जात एकच आहे. दोन्ही बाजारासाठी घडविलेली नाहीत. दोन्हींत सफाईचा हात फिरलेला नाही. आणि दोन्ही हातोहात नकला होतच पसरल्या. यातील तिसरी गोष्ट संग्राहकाने विशेष ध्यानात घ्यावयास हवी. आपल्या परिचयाची लहान कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली पुढे आणली. म्हणून १९५६ सालच्या कीर्तनाची जी जी कॅसेट आज कोणाच्या कपाटात आढळते, ती ती निश्चितपणे नक्कलच होय, मूळ नव्हे. मोठ्या चकतीवरील फितीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर, आणि अलीकडे संगणकावर, असा तिचा प्रवास झालेला असणार. प्रत्येक टप्प्यावर खरखर वाढते, उंच ध्वनी मंदावतात. ‘स’ आणि ‘श’ यांचा भेद ज्या उंच कंपनांवर अवलंबून असतो, तीच प्रथम नाहीशी होतात. चौथ्या नकलेवरून कोणी अभ्यासक बाबा ‘श’ उच्चारीत नसत असा सिद्धान्त मांडील, तर तो बाबांच्या बोलीविषयी नव्हे, फितीच्या झिजेविषयी बोलत असेल.

येथे वऱ्हाडीच्या सर्वपरिचित विशेषांचा विचार प्राप्त होतो. प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘य’ (डोळा–डोया), ‘ण’च्या जागी ‘न’ (पाणी–पानी) आणि ‘ला’ प्रत्ययाच्या जागी ‘ले’ (मला–मले, तुला–तुले) हे तीन विशेष कोणत्याही वर्णनात प्रथम सांगितले जातात. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा, मराठीला वाहिलेला खंड १९०५ साली निघाला, त्यातही वऱ्हाडीचे वर्णन आहे. पण त्या सर्वेक्षणाची पद्धत अशी की, बायबलातील उधळ्या पुत्राची कथा ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घ्यावयाची. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या तयार झाल्या, तेव्हाही हीच कथा निवेदकांकडून वदविण्यात आली. तुलनेसाठी ही पद्धत सोयीची खरी, परंतु तीत माणूस दुसऱ्याने दिलेले बोलतो. समोर कोणी ऐकणारा नाही, विचारणारा नाही, हसणारा नाही. बोली म्हणजे काही शब्दांच्या जागी दुसरे शब्द नव्हेत. ती कोणाशी बोलावयाची, केव्हा सोडावयाची, हे ठरविण्याची शक्तीही बोलीतच येते.

गाडगेबाबांच्या कीर्तनाचे स्वरूप नेमके याच्या उलट आहे. ते प्रश्नोत्तरांनी चालते. बाबा विचारतात, श्रोते उत्तर देतात. उत्तर मनाजोगे आले नाही तर प्रश्न पुन्हा येतो, कधी अधिक हळू, कधी अधिक तीव्र. छापील संहितेत हा व्यवहार दोन ओळींत आटोपतो. फितीवर मात्र प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला अवकाश ऐकू येतो, आणि कीर्तनाचा युक्तिवाद पुष्कळदा त्या अवकाशातच घडतो. सगळ्यांना माहीत असलेले, पण कोणी कबूल न केलेले उत्तर सभेला स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागते. वाचकाला हा अनुभव नाही, कारण त्याला उत्तर द्यावयाचे नसते. म्हणून गाडगेबाबांच्या कीर्तनाचे केवळ संहितेवरून केलेले वाङ्मयीन मूल्यमापन अपुरे ठरते. त्यात उपदेश दिसतो, संवाद दिसत नाही.

संहिता सिद्ध करणारांच्या हातून दोन प्रकारचे अपराध घडतात. काही संपादक बोली शुद्ध करतात. ‘मले’चे ‘मला’ होते आणि बाबा पुण्यात वाढल्यासारखे बोलू लागतात. दुसरा वर्ग उत्साही असतो. तो प्रत्येक ‘ळ’चा ‘य’ करतो आणि प्रमाण रूप दिसले की ते मुद्रणदोष समजून दुरुस्त करतो. दुसरा अपराध पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे, कारण तो बोलीप्रेमाचे वस्त्र पांघरून येतो. जिवंत भाषकाच्या बोलण्यात अशी एकविधता नसते. एकाच वाक्यात तो बोलीचे एक रूप आणि प्रमाणाचे एक रूप वापरतो, आणि कोठे कोणते वापरले यालाच अर्थ असतो.

शिवाय वांद्र्याच्या कीर्तनाबाबत एक विशेष अडचण आहे. श्रोते मुंबईचे; त्यांत वऱ्हाडी जाणणारे किती असतील याचा भरवसा नाही. बाबांनी १९०५ साली गृहत्याग केला. त्यानंतरची पन्नास वर्षे ते पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई असे महाराष्ट्रभर हिंडले. अशा माणसाची अखेरच्या दिवसांतली वाणी ही दापुऱ्याची बोली म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. ती दापुऱ्यात उगवलेली आणि साऱ्या महाराष्ट्राला समजावी म्हणून वाटेत घडलेली भाषा आहे. म्हणून या एका फितीवरून ‘वऱ्हाडी बोली’ सिद्ध करू पाहणारा अभ्यासक आणि ‘बाबा प्रमाण मराठीच बोलत’ असे म्हणणारा अभ्यासक, दोघेही तिच्यावर तिला न पेलणारा भार टाकतात. तिच्यापाशी विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे: निरक्षर लोकशिक्षकाने सर्वांना कळेल असे बोलताना आपल्या बोलीतले काय सोडले आणि काय सोडले नाही? या प्रश्नाचे उत्तर तुलनेवाचून मिळणार नाही, आणि तुलनेसाठी त्याच मुलखातल्या दुसऱ्या फिती हव्यात.

त्या फिती कोठे आहेत? विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत टेपरेकॉर्डर गावोगाव पोहोचला. भजनी मंडळे, भीमगीते गाणारे संच, लग्नाच्या मांडवात गाणाऱ्या बाया, हौशी कवी यांनी साठ मिनिटांच्या किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर आपले आवाज भरले. कोणी त्या एखाद्या कंपनीला दाखविण्यासाठी भरल्या, कोणी केवळ स्वतः ऐकण्यासाठी. यांपैकी ज्या थोड्या कंपनीपर्यंत पोहोचल्या, त्यांचे पुढे स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले, आणि तेव्हा बहुधा पहिली गोष्ट गेली ती बोली. कारण कॅसेट साऱ्या महाराष्ट्रात खपावयाची होती. ज्या पोहोचल्या नाहीत, त्यांच्यात बोली राहिली. बाजाराच्या दृष्टीने जे अपयश, तेच भाषेच्या दृष्टीने जतन ठरले. डेमो कॅसेटचे खरे मूल्य येथे आहे, आणि ते प्रतींच्या संख्येवर मुळीच अवलंबून नाही.

अशा सामग्रीचा संग्रह कसा करावा, याचा आदर्श परदेशांतून आणण्याची गरज नाही. तो वऱ्हाडातच, रिद्धपूर येथे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात घालून दिला गेला आहे. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा संकलित केल्या त्या ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांकडे जाऊन, विचारून, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून. मूळ प्रत पुढे परचक्रात नाहीशी झाली आणि स्मरणावरून निरनिराळे पाठ सिद्ध झाले. तरीही कोणता पाठ कोणाचा, हे नोंदविण्याची दक्षता त्या परंपरेने घेतली. पाठभेद लपविला नाही. ज्या परंपरेने कागदावर, केवळ स्मरणाच्या आधारे, एवढी सचोटी पाळली, तिच्या वारसांनी यंत्राचे साहाय्य असताना कॅसेटीवर नाव, गाव आणि साल न लिहिता ती पेटीत टाकावी, ही लाजिरवाणी गोष्ट म्हटली पाहिजे.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, नमुना-फीत हे कलावंताने स्वतः टाकून दिलेले रूप असते. ते उकरून काढणे हा त्याच्यावर अन्याय होय. कलाकृतीच्या मूल्यमापनापुरता हा आक्षेप मान्य करावा लागेल. टाकलेल्या रूपावरून कोणाचे कवित्व मोजू नये. परंतु भाषिक पुराव्याला हा नियम लागू नाही. तेथे प्रश्न गुणाचा नसून अस्तित्वाचा आहे. मात्र गाणाऱ्याची किंवा त्याच्या कुटुंबीयांची संमती घेणे आणि फितीची नक्कल त्यांच्या घरी परत देणे, हे संग्राहकाचे कर्तव्य ठरते. दुसरा आक्षेप असा की, बोलींचे सर्वेक्षण आता शास्त्रशुद्ध पद्धतीने होत असताना या खरखरत्या फितींची आवश्यकता काय? पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केलेले बोलींचे सर्वेक्षण महत्त्वाचे आहे, यात शंका नाही. परंतु कोणतेही सर्वेक्षण आजचे बोलणे टिपते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे बोलणे ते मागे जाऊन टिपू शकत नाही. आज अभ्यासकापुढे बसलेली सत्तरीची आजी आणि १९९० साली मांडवात गाणारी तीच बाई, या दोघींच्या बोलण्यातील अंतर मोजावयाचे तर जुनी कॅसेट हाच एकमेव मापदंड आहे.

आणि हा मापदंड झिजत चालला आहे. कॅसेटची फीत चार मिलिमीटरांहूनही अरुंद असते. तिच्यावरील लोहभस्माचा थर ज्या चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो, ते दमटपणाने सुटते, उष्णतेने फीत ताणली जाते. वऱ्हाडचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा या दोहोंतून, पत्र्याच्या पेटीत ठेवलेली फीत किती वर्षे निभावेल याचा अंदाज कोणीही करू शकेल. शिवाय कॅसेटच्या पाठीमागच्या कडेवरील प्लास्टिकचे लहान तुकडे मोडलेले नसतील, तर त्याच फितीवर पुन्हा ध्वनिमुद्रण होऊ शकते. वाद्याच्या गोंगाटाखाली एखादी आजी कायमची बुजून गेल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील.

यास्तव विभागांतील संशोधकांनी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या कामाकडे छंद म्हणून न पाहता पाठसंपादन म्हणून पाहावे, हे उचित होईल. प्रत्येक फितीबरोबर कोण बोलले, कोणासमोर बोलले, कोठे व केव्हा, आणि हातातील प्रत कितवी नक्कल आहे, एवढ्या नोंदी आवश्यक आहेत. लिप्यंतर करताना ‘मला’ ऐकू आले तर ‘मला’ आणि ‘मले’ ऐकू आले तर ‘मले’ लिहावे. ऐकू आले नाही तर जागा मोकळी सोडावी. ही मोकळी जागा संपादकाच्या अज्ञानाची खूण नसून प्रामाणिकपणाची खूण आहे. गाडगेबाबांची वाणी एका फितीमुळे उरली. त्यांच्या मुलखातल्या सामान्य माणसांची वाणी अशा शेकडो फितींत विखुरलेली आहे. ती ऐकल्यावाचून त्या एका फितीचाही अर्थ पुरता लागणार नाही.