सरकून घ्या

‘सहा आसनी’ हा शब्द कानाला फार गोड लागतो. आई, वडील, नवरा, बायको आणि दोन मुलं, बेरीज बरोबर सहा. हातचा काही राहत नाही. म्हणूनच की काय, लहान खाजगी विमानांच्या माहितीपत्रकांत हा शब्द ठळक छापलेला असतो. शेजारी चित्र. चित्रात सहाही जण हसत असतात आणि पोट कुणालाच सुटलेलं नसतं. सामान म्हणाल तर बाईच्या हातात एक टोपी!

आमच्या लिंबागणेशात विमान घ्यायला निघालेलं कुटुंब अजून माझ्या पाहण्यात नाही. पण परीक्षण करायला खरेदी करावी लागते असं कुठे आहे? नाटकाचे परीक्षक कुठे नाटकं लिहितात? मी कॉमर्सचा पदवीधर, उमेद सगळी बँकेच्या खतावणीत गेली. जमा कोणतं आणि नावे कोणतं एवढं कळतं. आणि विमान पारखायला, खरं सांगतो, एवढंच लागतं.

विमानाचा सगळा हिशेब वजनाचा. उडताना एकूण वजन किती चालेल तो आकडा ठरलेला. त्यातून रिकाम्या विमानाचं वजन वजा केलं की राहते ती त्याची उचल. या उचलीत इंधन, माणसं आणि सामान या तिघांनी भागवायचं. ओव्हरड्राफ्टची सोय नाही.

आता एकेक स्थळ पाहू. सेसना २०६ हे कष्टाळू घराण्यातलं. पंख वर, पाय खाली, कच्च्या धावपट्टीवरही कुरकुर न करता उतरणारं. उचल साधारण ५७० किलो. टाक्या भरल्या की इंधनच २३५ किलोच्या आसपास. राहिले ३३५. त्याला सहाने भागा. दर माणशी छप्पन्न किलो, बॅगेसकट! आमच्या घरात छप्पन्न किलोत बसणारी व्यक्ती एकच, आणि ती सातवीत आहे.

दुसरं स्थळ बीचक्राफ्ट बोनान्झा. हे खानदानी. घराणं १९४७ पासून बाजारात, सहा आसनी वाण १९६८ चं. दिसायला देखणं, चालीला वेगवान. पण उचल ४८० किलोंच्या घरात आणि भरल्या टाकीचं इंधन २०० किलो. म्हणजे दर माणशी सत्तेचाळीस किलोसुद्धा नाही. शिवाय त्याची एक खोड आहे. इंधनाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या कडेला, त्यामुळे इंधन जसजसं जळतं तसतसा विमानाचा तोल मागे सरकतो. निघताना सगळं ठीक आणि पोचताना शेपूट जड. मागच्या बाकावर दोन भारदस्त मामा बसवले असतील तर विमान वैमानिकाचं ऐकेनासं होऊ शकतं. देखणं स्थळ, पण मामांना पुढे बसवण्याची अट आहे.

तिसरं पायपरचं चेरोकी सिक्स. नाव ऐकून सिगारेट वाटेल, पण आहे विमान. रूप बेताचं, चाल बेताची. पण स्वतःचं रिकामं वजन जेवढं, जवळजवळ तेवढीच उचल. टाक्या भरूनही दर माणशी ऐंशी किलो हाती राहतात. हौस असेल तर सातवी खुर्चीही मिळायची. ज्याच्या सहा जागा खऱ्याच सहा आहेत असं हे स्थळ. अडचण एकच, ते १९६५ ते १९७९ या काळातच बनलं. म्हणजे आता मिळालं तर बिजवर.

हे आकडेही थंड हवेचे. आमच्याकडे लग्नसराई मे महिन्यात, आणि मे महिन्यात बीडचा पारा चाळीसच्या वर. तापलेली हवा पातळ होते, पंखांना ती नीट धरत नाही, इंजिनाचाही दम कमी होतो. धावपट्टी लांब लागते किंवा माणूस कमी करावा लागतो. मुळात धावपट्टी आहे कुठे? बीडला विमानतळ नाही. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली आणि बीडपर्यंत गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्या हिशेबाने ज्याला विमानाची हौस असेल त्याने नातवाला पायलट करावं.

मराठी माणसाने या धंद्यात हात घातलाच नाही असं मात्र नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. आपण गच्चीवर पापड वाळत घालतो. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी झाली २०१७ च्या नोव्हेंबरात आणि चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ च्या ऑक्टोबरात. फायलीला पंख नसतात. पण मला त्यात आवडलं ते वेगळंच. विमानात बसणारे सहा, आणि त्याचं वजन उचलायला मात्र अख्खं घर पाठीशी उभं. ही उचल कुठल्या माहितीपत्रकात छापत नाहीत.

आता आमच्याकडची पद्धत. मांजरसुंब्याच्या नाक्यावरून निघणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपला आसनं किती हा प्रश्न परका माणूसच विचारतो. तिथे एकच मंत्र, ‘सरकून घ्या!’ जीप भरली हे ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर आला की समजायचं. आम्हाला या मंत्राचं कौतुक फार. माणुसकी आहे हो, कुणाला मागे ठेवत नाहीत!

कौतुक मी थोडं राखून ठेवतो. दरवर्षी दिवाळीच्या आसपास आमच्या जिल्ह्यातून कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघतात. ट्रक नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली. खाली भांडी, सरपण, बाजरीची पोती, त्यावर माणसं, एखादी शेळी, आणि सगळ्यात वर म्हातारी, तिच्या मांडीवर नातू. कारखाना शेकडो किलोमीटरांवर आणि प्रवास बहुधा रात्रीचा. हाही कुटुंबाचाच प्रवास. इथे आसनं किती ते कुणी मोजत नाही, वजन कुणी विचारत नाही. मुकादमाच्या वहीत आकडा असतो तो उचलीचाच. पण ती उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. गाडीला किती पेलेल याचा रकाना त्या वहीत नाही.

म्हणून सगळी स्थळं पाहून झाल्यावर माझं मत चेरोकीच्या बाजूने पडतं, आणि त्याहून जास्त त्या विमानवाल्यांच्या एका खडूस सवयीच्या बाजूने. निघण्यापूर्वी ते प्रत्येकाचं वजन विचारतात, कागदावर लिहितात, बेरीज करतात आणि बेरीज जास्त झाली तर कुणालातरी खाली उतरवतात. सहा आसनं असली तरी चारच न्यायला लाजत नाहीत. आमच्या जीपने, ट्रॉलीने विमानाकडून पंख घेऊ नयेत, एवढा कागद घ्यावा.

वजन विचारलं की मावशी रुसतील, हे मला मान्य आहे. रुसू द्यावं. रुसलेली मावशी घरी पोचते.